उलटं फिरवायचं नाय

आजवर मी एकही वस्तू दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलेल्या भावाने घेतलेली नाही. लेथ घेतली तेव्हा नाही, खालापूरच्या रस्त्याला शेड घेतली तेव्हाही नाही. बायको म्हणते, लग्नाच्या मुहूर्तासाठीसुद्धा मी भटजींशी घासाघीस केली होती. ते खोटं आहे. मुहूर्ताची नव्हे, मांडवाची केली होती.

रसायनीच्या एका कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो. पंप उघडता-जोडता हात तयार झाला आणि डोकंही तयार झालं, पण डोकं गरम असल्यामुळे तिथे फार दिवस निभावलं नाही. तेव्हापासून स्वतःचं वर्कशॉप. धान्य चाळायच्या चाळण्या, पट्टे, हॉपर आणि गेल्या काही वर्षांत पिशव्या भरायची लहान लहान मशीन. कुणाच्या बापाने मला काही दिलेलं नाही, हे मी एरवीही सांगतो, त्यामुळे इथे पुन्हा सांगत नाही.

भिवपुरीजवळच्या एका भाताच्या गिरणीचे मालक माझ्याकडे आले तिथून ही गोष्ट सुरू होते. घर भातशेतीवालं. आसपास फार्महाऊस उठली तशी शनिवार-रविवारची गाड्यांची वर्दळ सुरू झाली, आणि गाडीवाल्यांना जाताना गावचा तांदूळ हवा असतो, तोही छापील पिशवीत. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरणारं मशीन त्यांना पाहिजे होतं. मी आकृती काढली: एक गोल थाळा, त्याच्या कडेला आठ डबे. वरून हॉपर, म्हणजे नरसाळ्यासारखी टाकी, डब्यात तांदूळ सोडणार, थाळा एक घर सरकणार, पुढचा डबा हॉपरखाली येणार. भरलेला डबा फिरत फिरत शेवटच्या जागी पोचला की त्याचं खालचं झाकण उघडून तांदूळ पिशवीत.

यात मेख एकच. डबा हॉपरच्या बरोबर खाली थांबला पाहिजे. बोटभर इकडे-तिकडे झालं की तांदूळ जमिनीवर. साधी मोटर फिरते, पण कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. त्यासाठी सर्वो मोटर लागते. सर्वो सांगितलं तेवढंच फिरते आणि थांबली की दातओठ खाऊन तिथेच उभी राहते. तिच्यासोबत ड्राइव्ह नावाचा एक डबा येतो, तो तिला वीज मोजून देतो. आणि त्या ड्राइव्हला काय करायचं ते लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून सांगावं लागतं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच सर्वो घेत होतो. विकणाऱ्यांच्या शहरातल्या ऑफिसात गेलो. समोर एक इंजिनिअर बसला होता, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्याने भाव सांगितला, मी हसलो. त्याने उतरवला, मी उठून उभा राहिलो. त्याने पुन्हा बसवलं, चहा मागवला. भाव खाली येता येता एका जागी त्याचा आवाज बदलला. आधी तो खुर्चीत रेलून बोलत होता, आता टेबलावर दोन्ही कोपर टेकले. मी ओळखलं, याच्या खाली हा जाणार नाही.

"काका, आता यातून एकच गोष्ट कमी होईल. कमिशनिंग."

"ते काय असतं?"

"आमचा माणूस येऊन सॉफ्टवेअरमधून मोटर लावून देतो, चालवून दाखवतो."

"काढा ते."

"नका काढू, काका. तुम्ही मेकॅनिकल माणसं. हे पान्याने होत नाही."

"काढा म्हटलं ना."

त्याने काढलं. मी पैसे वाचवून बाहेर पडलो खरा, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. हे पान्याने होत नाही. आंघोळ करताना आठवलं, जेवताना आठवलं. तिथल्या तिथे काय उत्तर द्यायला हवं होतं, याची मी अनेक चांगली चांगली उत्तरं तयार केली. ती अजून माझ्याकडे आहेत.

खोका आला तेव्हा त्यात मोटर होती, ड्राइव्ह होता, लॅपटॉपला जोडायची केबल नव्हती. फोन लावला.

"काका, केबल वेगळी असते."

"मोटर विकता आणि तिच्याशी बोलायची तार वेगळी विकता? उद्या खुर्ची विकाल आणि बसायचे वेगळे मागाल."

तो हसला. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

केबल आली. आता प्रश्न लॅपटॉपचा. आमच्या घरात लॅपटॉप बायकोचा. ती दहिवलीच्या शाळेत गणित शिकवते. तिने दोन अटी घातल्या: हात साबणाने धुवायचे, आणि लॅपटॉपवर ओरडायचं नाही. पहिली मी पाळली.

रविवारी शेडमध्ये बसलो. मोटर बाकावर पट्ट्यांनी आवळली, कारण मोकळी मोटर चालू केली तर ती टेबलावरून उडी मारते, एवढं पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. बायकोने केबल लावली. स्क्रीनवर आपोआप मोटरचा प्रकार, ताकद, सगळं उमटलं.

"हिने स्वतःची ओळख स्वतःच करून दिली," बायको म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरी आहे. तुम्ही पहिल्या भेटीत अर्धा तास नुसते रुमालाशी खेळत होता."

"पुढचं बटण दाब."

तिने दाबलं. ड्राइव्हमधून टक् असा आवाज आला आणि मोटरचा दांडा दगडासारखा झाला. इतका वेळ बोटांनी फिरत होता, आता हलेना. मला विश्वास बसेना. मी पाना घेतला, दांड्याच्या चपट्या भागावर लावला आणि जोर दिला. मोटर गुरगुरली आणि तिने मला मागे ढकललं. मी आणखी जोर दिला. ड्राइव्हने लाल दिवा लावून किंचाळी ठोकली आणि सगळं बंद पडलं.

बायको शांतपणे म्हणाली, "हे पान्याने होत नाही, असं तो म्हणाला होता ना?"

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिच्याशी फक्त कामापुरतं बोललो.

पण काम चांगलं झालं. जॉगचं बटण दाबून धरलं की मोटर हळूहळू फिरायची, सोडलं की थांबायची. बायको ते बटण अगदी शाळेची घंटा सांभाळावी तसं सांभाळत होती. मग मोटर मशीनवर चढवली, गिअरबॉक्स जोडला, आणि थाळ्याने एका वेळी बरोबर एक घर सरकायचं तेवढे आकडे सॉफ्टवेअरमध्ये घातले. पहिल्या फेरीत डबे जागच्या जागी. दहाव्या फेरीत थोडे पुढे. चहा पिऊन आलो तर चांगलेच पुढे. मी थाळ्याचे बोल्ट आवळले, गिअरबॉक्सला शिव्या घातल्या, विकणाऱ्याची आठवण काढली.

बायकोने माझा कागद ओढून घेतला. "गिअरच्या दातांचा भागाकार तुम्ही दशांशात टाकलाय."

"मग? तीन दशांश स्थळं टाकली आहेत. कमी आहेत का?"

"कितीही टाका, संपत नाही तो. प्रत्येक फेरीला उरलेला कण साठत जातो. सॉफ्टवेअरमध्ये दोन खाने दिलेत, वरचा आणि खालचा. अपूर्णांक आहे तसा टाका." तिने टाकला. त्यानंतर थाळा संध्याकाळपर्यंत फिरला आणि केसभरही चुकला नाही.

आता राहिलं ट्यूनिंग. मोटरला आपल्यावर किती ओझं आहे हे ठाऊक नसतं. ते कळावं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: बटण दाबलं की मोटर थाळा थोडा पुढे, थोडा मागे अशी झुलवते, ओझं आपल्या अंगापेक्षा किती पट आहे ते जोखते, आणि तो आकडा स्वतःच लिहून ठेवते. खरं तर हे डबे भरून करायला हवं. पण गिरणीवाल्यांनी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, "भाऊ, एक गोष्ट लक्षात ठेवा. आमच्या आयच्या हातचं धान पडल्याशिवाय मशीनमध्ये एक दाणा जाता कामा नये. आमच्यात चालत नाय." मी शब्द दिला होता. डब्यांत नटबोल्ट भरून बघावं असं मनात आलं, पण बायकोने अन्नाचे डबे म्हणून नाक मुरडलं. मग रिकाम्या डब्यांवरच ट्यूनिंग केलं. मशीन असं चाललं की बाजूला उभं राहिलं तरी आवाज येईना. मी मोटरवरून हात फिरवला आणि त्या इस्त्रीच्या शर्टाची कीव केली.

मशीन पोचवायच्या दिवशी सकाळी टेंपोत चढवलं, मी आणि बायको पुढे बसलो, आणि भिवपुरीला गिरणीच्या अंगणात उतरलो. बघतो तर कट्ट्यावर तो सर्वोवाला इंजिनिअर बसलेला. हातात चहा.

मी मालकांकडे वळलो. "याला कशाला बोलवलंत? माझ्या मागे?"

"मागं कसला? तुमच्या आधी येऊन बसलाय."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवसा हाय हो. पण तुमीच तं सांगितलात, पयलीच सर्वो हाय आन् कुठनं घेतली ते. माणूस जवळ असलेला बरा." मग त्यांनी टेंपोवाल्याला हाक मारली, "तू जाऊ नको रं. बस जरा." आणि मला म्हणाले, "मशीन चालली तं टेंपो रिकामा जाईल. नाय चालली तं मशीन घेऊन जाईल. रसायनीला दुसऱ्या एकाकडं बघून ठेवलाय आमी. राग नको."

राग कसा नको? वर्षभराची जुळवाजुळव त्या थाळ्यात होती. हे मशीन उभं राहिलं तर आसपासच्या आणखी गिरणीवाल्यांची तोंडं माझ्याकडे वळणार होती. ते परत गेलं तर त्याच गिरणीवाल्यांना ते टेंपोतून परत जाताना दिसणार होतं. आणि हे सगळं त्या माणसासमोर. तो उठून उभा राहिला, "नमस्कार काका" म्हणाला. मी बायकोकडे बघत नमस्कार केला.

मशीन जागेवर बसवलं, वायरी जोडल्या. मालकांची आई आतून आली. बुटकी, पाठीत वाकलेली, डोळे मात्र घारीसारखे. तिने मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडायला मुलाला दिला, आणि परातीतल्या तांदळाची एक मूठ पहिल्या डब्यात सोडली.

"फिरव गं पोरी," ती माझ्या बायकोला म्हणाली. लॅपटॉप बायकोच्या मांडीवर होता, म्हणून म्हातारीने मालक तिलाच धरलं होतं.

थाळा फिरला. एक घर, थांबा. एक घर, थांबा. लोण्यासारखा. अंगणातल्या चार-पाच माणसांनी माना डोलावल्या. मी इंजिनिअरकडे पाहिलं. तो थाळ्याकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर एक आठी होती. ती मला आवडली नाही.

मग हॉपर भरला. पहिला डबा भरून पुढे गेला, दुसरा भरला, तिसरा. चौथ्या डब्याला थाळा थांबताना पुढे गेला आणि मागे आला. पाचव्याला थांबल्यावरही थरथरत राहिला. सहाव्याला पुढे-मागे, पुढे-मागे असा पिसाळला, की डब्यांतून तांदूळ फवाऱ्यासारखा उडाला, ड्राइव्ह किंचाळला आणि लाल दिवा लागला. अंगण पांढरं झालं. कोंबड्या धावत आल्या.

म्हातारी म्हणाली, "याला उपाशी ठेवलं तं बरं चालत व्हतं. जेवायला घातलं तं उलटी करतंय."

माणसं हसली. टेंपोवाला उठून बसला. तेवढं मला दिसलं.

इंजिनिअर हळूच जवळ आला. "काका, रिकाम्यावर ट्यूनिंग केलंत का?"

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"हो, रिकाम्यावरच केलंय," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कोणाची तरी वाचा गेली असती. ती चष्मा पुसत होती.

चूक काय ते मलाही आता कळलं होतं. मोटर समजत होती की थाळा हलका आहे, आणि थाळा तर तांदळाने जड झाला होता. ती त्याला हलक्या हाताने थांबवायला जायची, तो थांबायचा नाही, मग घाईने मागे ओढायची, तो जास्त मागे यायचा. उपाय सोपा होता. आजीच्या हातचं धान पडलेलंच होतं, आता भरल्या डब्यांवर पुन्हा ट्यूनिंग करायचं. बायकोने बटण दाबलं. थाळा थोडा पुढे गेला, थांबला, आणि मागे फिरू लागला.

"थांबव गं! थांबव!"

बायकोने लाल बटणावर तळवा मारला. म्हातारी मशीनसमोर उभी होती, दोन्ही हात कमरेवर.

"धान पोटात असताना उलटं फिरवायचं नाय. जातं कवा उलटं फिरवतात का? आज पयल्या दिवशी?"

"आजी, ते मापायला फिरतंय," मी म्हणालो. "दोनदा पुढे, दोनदा मागे. दळत नाहीये."

"मापू दे. पन पुढं मापू दे."

"मग तांदूळ काढतो डब्यांतून, दुसरं काही भरतो, मापून झालं की परत..."

"घातलेला पयला घास काढून घेतात का रं कोनाच्या तोंडातून?"

मी मालकांकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते. आईसमोर त्यांचं काही चालत नाही हे मला ऑर्डर घेतानाच कळायला हवं होतं. भाव ठरवताना ते तीनदा आत जाऊन आले होते.

मी इंजिनिअरकडे वळलो. "एकाच बाजूने नाही का मापता येत?"

"येतं ना. वरच्या मॉडेलमध्ये आहे ती सोय."

"आणि यात?"

"यात नाही. हे तुम्ही भाव पाडून घेतलेलं आहे, काका."

"हे तेव्हा सांगायचं होतं."

"सांगायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात."

बायको हसली. मला हसू आलं नाही, पण तसा मी उठून उभा राहिलो होतो, हे खरं होतं.

"मग आता तुम्ही काय कराल?" मी विचारलं.

"हाताने. आकडा आपण घालायचा, चालवायचं, ग्राफ बघायचा, आकडा बदलायचा. वेळ लागतो." त्याने घड्याळ पाहिलं. "मी करून देतो. पण व्हिजिट चार्ज लागेल. कमिशनिंग तुम्ही काढलं होतं."

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "चहा घ्या."

मी खुर्ची ओढून बायकोशेजारी बसलो. तिने दोन खाने दाखवले. एकात ओझं किती पट ते. दुसऱ्यात मोटर किती ताठ वागणार ते. आकडा मोठा, तेवढी ती जागेवर यायला जास्त हट्टी. शेजारी ग्राफ: एक रेघ आपण सांगितलेली, दुसरी मोटर प्रत्यक्ष चालली ती. दोन्ही एकावर एक यायला हव्यात. आमची दुसरी रेघ सापासारखी वळवळत होती.

मी ताठपणा एकदम खाली आणायला लावला. थाळा डुलत डुलत, सावकाश कसाबसा हॉपरखाली आला. पण थरथरला नाही. मग हॉपर आणि झाकणं बंद ठेवून एक-एक चढवत गेलो. प्रत्येक वेळी एक घर पुढे, फक्त पुढे. म्हातारी समोर पाटावर बसून प्रत्येक घराला बघत होती. मी डोळे मिटून आवाज ऐकत होतो. एका आकड्याला मोटरच्या आवाजात बारीक गुणगुण आली. बोलण्यातला सहजपणा जाऊन जीव ओढून धरल्यासारखी.

"दोन खाली," मी म्हणालो.

"एकच खाली बघू," बायको म्हणाली.

"दोन. तिचा आवाज बदलला. याच्या पुढे ती जाणार नाही, आणि अगदी कडेला ठेवलं तर उद्या भांडेल."

पाठीमागून इंजिनिअर म्हणाला, "बरोबर. दोन खाली." चहा संपवून तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "हे कुठे शिकलात?"

"तुमच्या ऑफिसात. तुम्ही टेबलावर कोपर टेकलेत तेव्हा."

त्याला ते कळायला एक क्षण लागला. मग तो असा हसला की कोंबड्या बाजूला झाल्या. हसता हसता खाली वाकला, स्क्रीनवर बोट ठेवलं. "पण काका, रेघ अजून थांबताना पुढे जातेय बघा. नुसत्या ताठपणाने नाही जाणार ती. आधी ओझ्याचा आकडा वाढवा. डबे भरल्यावर थाळा दुप्पट-तिप्पट जड झालाय, तिला अजून ते सांगितलेलंच नाही."

मी थबकलो. त्याने हे सांगितलं आणि काहीही मागितलं नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं हे मला कधी नीट जमलेलं नाही. घासाघीस करायला समोर दुसरं टोकच नसतं.

"किती वाढवू?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"दुप्पट."

"कमी आहे. तिप्पट."

"अडीच."

"अडीचवर चालवून बघा, नाहीतर मी जातो," तो म्हणाला, आणि खरंच दोन पावलं मागे गेला. हे त्याला चांगलं जमत होतं.

अडीचवर रेघ जवळपास बसली. थोडं वर गेल्यावर दोन रेघा अशा एक झाल्या की बायकोला वाटलं एक गायबच झाली. मग ताठपणा पुन्हा थोडा खाली-वर केला, थाळा सुरू होताना आणि थांबताना घाई करू नये म्हणून वेगाची चढण लांबवली. पाटावरून म्हातारी म्हणाली, "आता कसं माणसासारखं चालतंय."

हॉपर पुन्हा उघडला. सहा डबे भरले, सात, आठ. शेवटच्या जागी झाकण उघडलं आणि पहिली पिशवी भरली. एक दाणा बाहेर पडला नाही. दुसरी भरली. मालकांनी ती काट्यावर ठेवली, काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सेव्ह केलं का?" बायकोने विचारलं.

"केलं ना."

"लॅपटॉपवर केलं. ड्राइव्हमध्ये?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ड्राइव्हमध्ये लिहिण्याचं बटण वेगळं होतं. ते दाबलं नसतं तर रात्री दिवे गेल्यावर मोटर सगळं विसरली असती आणि सकाळी पुन्हा तांदूळ उडवला असता, तोही आम्ही घरी असताना. तिने दाबलं. खाली हिरवी पट्टी सरकली.

"आता लॅपटॉप काढा," मी मालकांना म्हणालो. "मेन स्विच बंद करा. ड्राइव्हचा दिवा पूर्ण विझू दे. मग चालू करा. आमची तार नसताना चाललं तरच चाललं म्हणा."

हे मी उगाच म्हणालो नव्हतो. आधी माझं काम, मग माझा तोरा, असा माझा हिशोब आहे. पण सांगून झाल्यावर टेंपोवाला कुठे बसलाय ते मी बघून घेतलं, हेही खरं.

"मी करते," म्हातारी म्हणाली. मुलाने तिला स्विच दाखवला. तिने खाली ओढला. ड्राइव्हचा दिवा रेंगाळत राहिला, मग विझला. तिने स्विच वर केला. टक् झालं. मी सुरू करायचं हिरवं बटण तिच्या बोटाखाली आणून दिलं.

थाळा एक घर सरकला आणि थांबला. सरकला आणि थांबला. डबा हॉपरच्या बरोबर खाली. पिशवी भरली. मग आणखी एक. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग तिने वाकून थाळ्याखालची जमीन बघितली, हाताने चाचपली, आणि उठली.

"टेंपोवाल्याला सांग, जा," ती मुलाला म्हणाली. "पन जेवून जा म्हनावं."

मालकांनी मला मिठी मारली नाही, पण पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की त्यालाही जवळपास तेवढाच अर्थ होता. "बघा, मी सांगितलं नव्हतं? भरवसा हाय म्हणून."

"टेंपो कशाला ठेवला होता मग?"

"भरवसा टेंपोवर व्हता," म्हातारी आतून म्हणाली.

पहिली पिशवी देवासमोर गेली. दुसरी तिने माझ्या बायकोच्या ओटीत घातली, बटणं हिनेच दाबली म्हणून. मी बाजूला उभा होतो. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. या गोष्टीचाही मी नंतर विचार केला आहे.

जेवायला ओसरीवर पंगत बसली. नवा तांदूळ, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. इंजिनिअर माझ्या शेजारी. त्याने व्हिजिट चार्जचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. पान्याबद्दलचं वाक्यही त्याने मागे घेतलं नाही, तेवढं मी लक्षात ठेवलं आहे. भात कालवता कालवता तो म्हणाला, "काका, आता आजूबाजूचे गिरणीवाले येतील तुमच्याकडे. एकाच बाजूने मापणारं मॉडेल घ्या पुढच्या वेळी. इथे सगळ्यांच्या घरी आजी असणार."

"भाव सांगा."

त्याने सांगितला. मी घास खाली ठेवला. पलीकडे बायकोने मान खाली घातली, कारण पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. त्याने सांगितलेला आकडा इतका वरचा होता की माझी भूक एकदम वाढली.

"आजी," मी म्हणालो, "भात आणखी वाढा. आम्हाला बसायला वेळ लागणार आहे."